पाचावर धारण

आमचे विभागप्रमुख आचान थवीसाक हसत नाहीत. थायलंडातल्या खोन केनच्या आमच्या कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक आहे, शिपायापासून कॅन्टीनमध्ये भात वाढणाऱ्या बाईपर्यंत. आचान म्हणजे गुरुजी. तशी मीही आचानच, पण कंत्राटावरची.

"तुमच्या वर्गात पोरं दुकान-दुकान खेळतात म्हणे," ते मला व्हरांड्यात गाठून म्हणाले होते. "मी येऊन बसेन. काही शिकताना दिसली तर तास तुमचा, कंत्राट पुढे चालू. नाहीतर पुढच्या सत्रापासून तो तास मी घेतो, माझ्या स्लाइड दाखवून."

त्या स्लाइड मी पाहिल्या आहेत. वारूळ फुटावं तशी अक्षरं. माझा तर तिळपापड झाला. म्हणे दुकान-दुकान! ऑनलाइन धंदा शिकवायचा तर आणखी कसा शिकवायचा? पोरांनी खोटं दुकान मांडायचं, त्याची दोन वेगळी पानं करायची, आणि खालच्या मजल्यावरच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनी मोबाइलवरून गिऱ्हाईक व्हायचं. कुणाला कुठलं पान दिसेल हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. मग ज्या पानावर जास्त माल खपला ते पान चांगलं. आपल्याला काय वाटतं याला काडीची किंमत नाही, गिऱ्हाईक काय करतं ते बघा, एवढंच मला त्यांच्या डोक्यात भरवायचं होतं.

माल ठरला नरक-चटणी. सुकी मिरची आणि सुका मासा कुटून करतात, खाल्ली की कान वाजायला लागतात. आमच्या वर्गातल्या छांगची मावशी ती घरी बनवते. छांग म्हणजे हत्ती, आणि हा हत्ती अंगाने बांबूची काडी. त्याची भांडणातली जोडीदार कुंग, म्हणजे कोळंबी. ती खरंच टोचते.

कुंगने पहिलं पान केलं, केळीच्या पानावर नीट ठेवलेली बरणी, शेजारी गरम भात. दुसऱ्या पानावर छांगने स्वतःचाच फोटो टाकला. नुकतीच चमचाभर चटणी खाल्लेली, डोळे लालभडक, नाक धो धो वाहतंय. वर लिहिलं होतं, 'नरकात स्वागत'.

"अरे, चटणी विकतोयस का शेंबूड?" कुंग ओरडली.

"तुझ्या मताला काडीची किंमत नाही," छांग म्हणाला. "आचान वानपेननाच विचार."

वानपेन म्हणजे मी. तास सुरू व्हायच्या आधी कुंगने आमच्या ग्रुपवर टाकलं, 'आचान, आज मोठे साहेब येणार! ५५५'. पाचाला आमच्याकडे 'हा' म्हणतात, म्हणून हसू लिहायचं तर आमची पोरं ५५५ लिहितात. मला मात्र त्या सकाळी एकही पाच फुटत नव्हता.

साहेब कडक इस्त्रीत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. आलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवायचं आमच्यात जिवावर येतं, म्हणून मी त्यांनाही दुकानाची लिंक दिली. "घरचं टोपणनाव टाका की दुकान उघडेल," म्हटलं. इथे टोपणनाव नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अंगठ्याने काहीतरी टाकलं.

खेळ सुरू झाला तशी खालच्या मजल्यावर आरडाओरड उठली. साहेबांना तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. रुमाल तोंडाला लावून ते बराच वेळ खोकत राहिले. छांगने त्यांना पाण्याची बाटली नेऊन दिली.

मग पडद्यावर निकाल आला. कुंगच्या पानाची विक्री कशीबशी दिसत होती. छांगच्या पानाची रेघ वर चढत चढत पडद्याबाहेर गेली! अख्खा वर्ग किंचाळला. छांग बाकावर चढून नाचायला लागला. साहेब चक्क उठून उभे राहिले.

"आचान वानपेन, इतका फरक? नुसत्या एका फोटोने? याला म्हणतात शिकवणं. मी आजच वर कळवतो."

कंत्राट अलगद पदरात पडलं होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं. पण दर तासाला मीच घसा फोडून सांगते, बेरीज फार गोड आली की आधी तराजू तपासा. खाली जेमतेम एक वर्गभर पोरं, मग हजारो बरण्या घेतल्या कुणी? मी ऑर्डरींवर नजर टाकली. ५५५. ५५५५. पुन्हा ५५५. माझी पाचावर धारण बसली, आणि ती अगदी खऱ्याखुऱ्या पाचांवर.

मी छांगचं पान मोबाइलवर उघडलं. फोटो एवढा मोठा की 'किती बरण्या हव्यात?' ही ओळ त्याच्या हनुवटीमागे गडप झालेली. उरला होता तो नाकाखालचा, आकडा टाकायचा मोकळा चौकोन. पोरांनी ते नाक पाहिलं आणि आपलं हसू त्यात लिहून टाकलं.

"आचान, जरा थांबा," मी म्हटलं. "ही विक्री नाही. हे हसू आहे."

मग जो स्फोट झाला! कुंग पोट धरून खाली बसली. छांग बाकावर तसाच, तोंड उघडं.

"म्हणजे चटणीबद्दल आपल्याला कळलं काय?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "सगळं पुन्हा करावं लागेल." बोलताना मला रडू येत होतं. स्वतःच्या हाताने मी माझा तास त्यांना देऊन टाकला होता.

"आचान, ही बघा सगळ्यात मोठी ऑर्डर!" छांग ओरडला. "पंचावन्न हजार पाचशे पंचावन्न! हा लूकमू कोण?"

लूकमू म्हणजे डुकराचं पिल्लू. कुंगने लगेच खाली फोन लावला. "खाली कुणी लूकमू नाही म्हणतात."

मागून पुन्हा खोकला ऐकू आला. आम्ही सगळे वळलो. साहेबांच्या तोंडाला रुमाल होता, पण खांदे गदागदा हलत होते.

"लहानपणी मी गुबगुबीत होतो," ते कसेबसे म्हणाले. "आई म्हणायची."

कुणाची हसायची छाती होईना. शेवटी त्यांनीच रुमाल काढला आणि हसले. बंद पडलेला पंप सुरू व्हावा तसे आधी आचके देत, मग धबाधबा. त्यानंतर वर्गात कोण कुणाच्या अंगावर पडलं ते मला सांगता यायचं नाही. मी हसत होते आणि रडतही होते.

दारापाशी त्यांनी डोळे पुसले. "पुढच्या सत्रात ती बरण्यांची ओळ फोटोच्या वर घ्या, आचान वानपेन."

पुढच्या सत्रात! म्हणजे तास माझाच राहिला होता.

"आणि तुमची ऑर्डर कुठे पाठवायची, आचान?" कुंगने विचारलंच.

"माझ्या टेबलावर," ते म्हणाले. "पण एकच बरणी. खरी."

छांगने दुपारी मावशीकडची बरणी त्यांना नेऊन दिली. त्या सगळ्या दंग्यातून आमची खरी विक्री तेवढी एकच झाली.