हॉम्सीचा हंडा

मी एक जुना, काशाचा, तीन पायांचा हंडा आहे. मित्रांनो, म्हातारपणी सगळ्यांना क्षमा करावी म्हणतात. मला ते जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यात घंटा ओतणाऱ्या कारागिरांनी मला घडवलं. हॉम्सी गावच्या मठाच्या दारात माझी चूल होती. रोज दुपारी माझ्यात ओट आणि वाटाण्याची पेज शिजायची आणि दाराशी येईल त्याला मिळायची. सिस्ली नावाची एक पोर मुद्दाम शेवटी यायची, कारण तिला तळाची खरवड आवडायची. ती पळीने खरवडायला लागली की मला गुदगुल्या व्हायच्या.

मग राजाने मठ बंद केले. आमचा मठ सर राल्फ थर्लबीने विकत घेतला. लोकरीला भाव होता, म्हणून त्याला माणसांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या. त्याने गायरानाला कुंपण घातलं, हॉम्सीची तीस घरं पाडली आणि मेंढ्यांच्या खरजेवर लावायचं डांबर माझ्यात उकळायला लागला. ज्या पोटात अन्न शिजलं त्यात डांबर! माझा नुसता जळफळाट झाला, पण तीन पाय असून मला चालता येत नाही.

एका उन्हाळ्यात लोकांचा संयम सुटला. परगणाभर कुंपणं उपटली गेली. आता मोठ्या झालेल्या सिस्लीचा नवरा गिल्बर्ट याने मला वाळूने घासून काढलं आणि थर्लबीच्याच मेंढ्या माझ्यात शिजवल्या. ते तीन आठवडे मी तृप्त होतो. मग राजाचे स्वार आले. थर्लबीने बोट दाखवलं आणि त्याच्या दारासमोरच्या ओकच्या झाडावर गिल्बर्टला फाशी दिली. सिस्ली परागंदा झाली. मी पुन्हा डांबरात गेलो आणि दिवस मोजू लागलो.

बावीस वर्षं गेली. सिस्ली भीक मागत फिरत होती. तेव्हा कायदा असा होता की दारोदार फिरणाऱ्या भिकाऱ्याला फटके मारायचे आणि जन्मगावी धाडायचं. मग त्या गावाने त्याला पोसायचं. एका शहरात तिची पाठ फोडली आणि हाती हॉम्सीला धाडण्याचा कागद दिला. गावोगावचे कोतवाल तिला पुढच्याच्या हवाली करत गेले, आणि शेवटचा, शेजारच्याच गावचा कोतवाल तिला थर्लबीच्या अंगणात घेऊन आला. मी तिथेच एका कोपऱ्यात उपडा पडलो होतो.

थर्लबी आता म्हातारा झाला होता. हॉम्सी नावाचं गावच उरलेलं नाही, असं त्याने कोतवालाला सुनावलं. कोतवाल डोकं खाजवू लागला.

"गाव नाही, मग धाकटे साहेब कुठले पाद्री आहेत हो?" सिस्लीने विचारलं.

 थर्लबीने गाव पाडलं होतं, पण गावाचं नाव कागदावरून पुसू दिलं नव्हतं. त्या नावावर त्याचा धाकटा भाऊ पाद्री म्हणून उत्पन्न खात होता.

"की मेंढ्यांची लग्नं लावतात?" सिस्लीने पुढे विचारलं.

कोतवालाला हसू आवरेना. "साहेब, पाद्री आहे म्हणजे गाव आहे," तो म्हणाला. "आणि गावात घर एकच, तुमचं. पोसायचं तुम्हीच."

भावाचं उत्पन्न सोडवेना, म्हणून थर्लबीने मान खाली घातली. बातमी पसरली. हॉम्सीतून हाकललेली माणसं एकेक कागद घेऊन परतू लागली. महिनाभरात चौदा झाली. सिस्लीने मला उलथवून सरळ केलं आणि बोटांनी माझा तळ चाचपला. तिने मला ओळखलं. चूल कुठे मांडू, असं कोतवालाने विचारलं.

"गिल्बर्टच्या झाडाखाली," ती म्हणाली. "साहेबांच्या खिडकीतून नीट दिसेल."

पहिल्या पेजेला डांबराचा वास येत होता. तिने पहिला वाडगा भरून थर्लबीपुढे धरला. "आधी यजमानाने चाखावं." चौदा माणसं आणि कोतवाल बघत होते. त्याला ती गिळावी लागली. मित्रांनो, खरं सांगतो, मला आनंद झाला आणि अजूनही होतो.

तुम्ही आपली भांडी घासूनपुसून ठेवा, ती जन्मभर साथ देतात. पण कोणाच्या तोंडचा घास काढू नका, कारण भांडी विसरत नाहीत. मी घंटेच्या काशाचा आहे. पळी आपटली की मैलभर ऐकू जातं. थर्लबी आणखी नऊ वर्षं जगला. रोज दुपारी सिस्ली पळी जरा जोरातच आपटायची. तो खिडकी लावून घ्यायचा, आणि मी वाजतच राहायचो.