सुनेच्या तोंडी सासऱ्याचं नाव

"हेच ना वुयिसिले मापासा?" हातात सुई धरून नर्स लिंडेल्वाने विचारलं.

खाटेशी उभ्या असलेल्या नोलुसाफोने खाली बघत मान हलवली. खाटेवरच्या तिच्या सासऱ्यांना बोलण्याइतका श्वासच पुरत नव्हता.

"थांब गं!" नोझुको सिस्टर लगबगीने आल्या. "सूनबाई, हे झोलिले मापासा का?"

नोलुसाफोने पुन्हा तशीच मान हलवली.

लिंडेल्वाचा हात जागीच थबकला.

"बघितलंस?" सिस्टर तिला म्हणाल्या. "हे गावचे मुखिया का म्हणून विचारलं असतंस, तरी हिने हो म्हटलं असतं. मोठ्यांना नाही कसं म्हणायचं?"

सकाळी एकाच गाडीतून मापासा आडनावाचे दोन म्हातारे आले होते. मनगटाला बांधायच्या पट्ट्या संपल्या होत्या. दुसरे म्हातारबाबा एक्स-रेला गेले होते. वुयिसिलेंना पेनिसिलिन द्यायचं होतं. झोलिलेंच्या केसपेपरवर मात्र लाल शाईत लिहिलं होतं, पेनिसिलिन दिल्यास जिवाला धोका.

"सूनबाई, यांचं नाव तूच सांग."

नोलुसाफोच्या डोळ्यांत पाणी आलं. "सिस्टर, मी सून आहे त्यांची."

सिस्टरना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्याही कुणाच्या तरी सून होत्या. सासऱ्यांच्या नावाशी जुळणारा साधा शब्दसुद्धा त्यांनी कधी उच्चारला नव्हता.

"नवऱ्याला फोन लाव."

"ते खाणीत खाली आहेत. संध्याकाळी वर येतील."

"घरची लेक? नणंद?"

"कुणी नाही."

म्हाताऱ्याची छाती घरघरू लागली. लिंडेल्वा कुजबुजली, "सिस्टर, देऊन टाकू का? उशीर होतोय."

"नाव कळल्याशिवाय नाही. बाळा, उशीर निस्तरता येतो. टोचलेलं औषध परत काढता येत नाही."

नोलुसाफोने सासऱ्यांकडे पाहिलं. मग ती भिंतीकडे वळली, डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला आणि म्हणाली, "झोलिले."

लिंडेल्वाने पेनिसिलिनची सुई ट्रेमध्ये ठेवली.

सिस्टरनी चिकटपट्टीवर नाव लिहून म्हाताऱ्याच्या मनगटाला लावलं आणि झोलिलेंचं औषध स्वतः दिलं. जाताना नोलुसाफोजवळ थांबल्या. "मी कामापुरतं ऐकलं. नाव वॉर्डाबाहेर जायचं नाही."

दुपारी म्हाताऱ्याची धाप थोडी कमी झाली. नोलुसाफो खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. पुढ्यातलं ताट तसंच होतं.

"ताता, चुकले मी," ती सासऱ्यांना उद्देशून भिंतीला सांगत होती.

सासरा सुनेला कधी हात लावत नाही. म्हाताऱ्याने खाटेवरून हात खाली सोडला, चाचपडत तिच्या खांद्यावर टेकवला आणि तसाच राहू दिला.