लाल शाईतला शब्द

सकाळची वेळ, अपघात विभागात पाय ठेवायला जागा नाही, आणि त्यात एक रंगारी छाती धरून कण्हत आलेला. तोंडाला दारूचा भपकारा! डॉक्टरांनी नाक मुरडलं आणि शिरस्त्याप्रमाणे केसपेपरच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं, ‘दारू’. असा पेशंट मग नशा उतरेपर्यंत कोपऱ्यातल्या खाटेवर पडून राहायचा. तो शब्द वाचला की पुढचं कुणी काही विचारत नसे.

“डॉक्टर, यांना उलट्यांवर उलट्या झाल्या, आणि मग छातीत काहीतरी फाटल्यासारखं झालं,” बायको काकुळतीला येऊन सांगत होती.

“उतरली की थांबेल. बसा तिकडे!”

सहा तास गेले. दुपारच्या पाळीला आलेल्या मोठ्या सिस्टरांनी केसपेपर बाजूला ठेवून माणसाकडे पाहिलं, त्याची मान चाचपली आणि त्या ओरडल्याच, “डॉक्टर, कातडीखाली करकर लागतेय!”

डॉक्टरांनी बोटाने दाबून पाहिलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. कातडीखाली हवा होती. म्हणजे उलटीच्या जोराने अन्ननलिका फाटली असणार, पोटातलं सगळं छातीत झिरपत असणार.

“पण सिस्टर, तो प्यायलेला होता...”

“मग? प्यायलेल्याला दुखत नाही?”

सीटी स्कॅनने शंका खरी ठरवली. सर्जनांनी छाती डाव्या बाजूने उघडून आतली घाण धुतली, फाटलेली जागा शिवली, नळ्या घातल्या. बाहेर येऊन ते डॉक्टरांना एवढंच म्हणाले, “सकाळीच कळवलं असतंस तर काम सोपं होतं. आधी उलटी की आधी दुखणं, विचारलं होतंस? आधी उलटी असली, तर अन्ननलिका फाटल्याची शंका घ्यायची.”

विचारलं नव्हतंच. पण बायकोने न विचारता सांगितलं होतं!

नंतरचे दहा दिवस डॉक्टरांना अन्न गोड लागलं नाही. अकराव्या दिवशी रंगाऱ्याचा ताप उतरला. डॉक्टर मनाचा हिय्या करून खाटेपाशी गेले, तर त्यानेच हात जोडले.

“माफ करा साहेब, पिऊन आलो. तुम्हाला त्रास झाला.”

डॉक्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माफी मी मागायची! तुमच्या बायकोने सगळं सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.”

“आता तरी ऐकाल ना?” बायको म्हणाली. “पुढच्याचं?”

लाल पेन त्याच दिवशी कचऱ्यात गेलं. केसपेपरच्या डोक्यावर आता पेशंटच्या तोंडचे शब्द असतात.

मंडळी, व्यसन वाईटच, ते सुटायलाच हवं. पण माणसावर शिक्का मारून त्याचं दुखणं ऐकणं सोडलं, तर गुन्हेगार आपणच. आधी ऐका, वास नंतर घ्या!