साक्षीदार फाइल

रुग्णालयांच्या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बांधणारी ती कचेरी. काय कोणत्या क्रमाने बांधायचं, हे मेकफाइल नावाच्या नियमावलीत लिहिलेलं. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांची साधी फाइल; तिच्यात बांधण्यासारखं असतं काय? उचलायची, चालवायची परवानगी द्यायची, जागेवर ठेवायची, संपलं. पण निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याने तिथे स्वतःचा नियम घुसडला होता. प्रत्येक स्क्रिप्ट आधी एका बनावट डिस्कवर, सेटिंगची फाइल काढून घेऊन चालवायची. डिस्कवर 'साक्षीदार' नावाची एकच फाइल. ती पुसली गेली, तर बांधणी बंद. पाठीमागे सगळे त्याला शंकासुर म्हणत.

या नियमापायी रोज चाळीस मिनिटं जात. टीममधल्या धाकटीच्या तो डोळ्यांत खुपायचा. तो उडवायला साहेबांनी आज होकारही दिला होता. पण पोटात कावळे ओरडत होते, म्हणून बांधणी नियमासकट तशीच लावून ती जेवायला गेली. भुकेचे उपकार म्हणायचे, दुसरं काय!

परत येऊन बघते तर पडद्यावर एकच ओळ: 'साक्षीदार गेला. हात आवर, बाळ.'

तिची स्वतःची स्क्रिप्ट. जुन्या तात्पुरत्या फायली पुसणारी, साधी, गरीब बिचारी. सेटिंग नसेल तर मात्र कुठलं फोल्डर हे तिला कळत नव्हतं, आणि ती सगळी डिस्कच पुसत सुटायची. नवी आवृत्ती बसवली की सेटिंग तासाभराने पोचते, हे धाकटी विसरली होती. आजची आवृत्ती संध्याकाळी ज्या रुग्णालयात जायची होती, तिथेच तिच्या बाबांच्या फुप्फुसांचे तीन वर्षांचे एक्स-रे होते. डॉक्टर दर खेपेला जुना एक्स-रे शेजारी ठेवूनच नवा बघत.

स्क्रिप्ट दुरुस्त करून तिने म्हाताऱ्याला फोन लावला. सगळं सांगितलं, बाबांचंही.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू? आणि मीसुद्धा तुम्हाला शंकासुर म्हणायचे."

"ठाऊक आहे गं. चांगलं नाव आहे," तो म्हणाला. "तुझी ती चूक मीही केली होती. एका रुग्णालयाचे सगळे एक्स-रे गेले. मला थांबवायला काही नव्हतं. त्या लोकांची तोंडं आठवत तो नियम लिहिला."

धाकटीने पडद्यावरच्या त्या ओळीकडे पाहिलं.

"बाबांचे आहेत ना जागेवर?" त्याने विचारलं.

"आहेत, काका."

"बरं झालं," तो म्हणाला.