डोंगराच्या अलीकडे राहिलो मी

विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं ना, जिना लावून चढायचं, आत बसून जेवायचं, तसलं मी नव्हे. मित्रांनो, मी दोनच माणसांचं एक जुनं विमान आहे. आत जागा इतकी अरुंद की शेजारी बसलेल्यांचं कोपराला कोपर लागतं. सध्या मी एका गवताळ मैदानाच्या कडेला दोरांनी बांधलेला उभा आहे. माझं घर डोंगरांपलीकडे आहे. इथे कसा अडकलो ते सांगतो. तसंही मला दुसरं काम नाही, आणि ऐकणारं कुणी भेटलं की मी सुटतोच.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रंग पिवळाधमक होता. एका फ्लाइंग क्लबाने मला शिकवण्यासाठी घेतलं. किती जण माझ्यावर शिकले! काहींनी मला दाणकन असं आपटलं की माझी हाडं खिळखिळी झाली. पण पहिल्यांदा एकट्याने उडून आले की तेच लोक माझ्या नाकाला मिठी मारून फोटो काढायचे. मग क्लबात चार जणांची, वेगवान विमानं आली. माझं नाव पडलं म्हातारबा. मला मागच्या कोपऱ्यात सरकवलं, आणि लोक माझ्या पंखावर खुशाल आपले डबे ठेवू लागले.

वर्षातून एकदा क्लबाची सहल असायची. शनिवारी सगळी विमानं डोंगर ओलांडून तळ्याकाठच्या या मैदानात यायची. गप्पा, जेवण, तंबूत मुक्काम, आणि रविवारी परत. त्यांचा एक गमतीचा नियम होता. जो शेवटी पोचेल त्याने सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. आता मला घेऊन निघणारा शेवटी नाही पोचणार तर काय! त्यामुळे सहलीला मला कुणी हात लावायचं नाही. एकच माणूस मुकाट्याने माझी चावी उचलायचा. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. दिवसभर लोकांना "आता दिसतंय? आणि आता?" विचारून दमलेला माणूस. घरी एकटे, बोलणं कमी. आमची गट्टी जमली होती.

यंदा मात्र त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी आली. ती आईकडे राहायची, आणि बाबांच्या वाट्याला महिन्यातले ठरलेले शनिवार-रविवार यायचे. हे मला कळलं, कारण निघण्याआधी चष्मेवाले माझ्या पंखाला टेकून तिच्या आईशी फोनवर बोलत होते. "हो, रविवारी अंधार पडायच्या आत. मागच्या वेळी उशीर झाला, कबूल. त्याच्या आधीही झाला, हो." पलीकडचा आवाज इतका चढला होता की मलाही ऐकू आला. "दर वेळी तुझं नवं कारण! या वेळी उशीर झाला तर पुढचे शनिवार विसर."

जाताना मुलगी काचेला नाक लावून गप्प बसली. चष्मेवाले बिचारे "ती बघ नदी, ते बघ धरण" करत होते, आणि ती नुसतं "हं" म्हणत होती. आम्ही पोचलो तेव्हा टाळ्या वाजल्या. कपांचा ढीग तयारच होता. बाप विसळत होता, लेक पुसत होती. तेवढ्यात एक कप तिच्या हातातून सटकला आणि फुटला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदम फिसकन हसले. तिथून गाडी रुळावर आली.

रविवारी खरं तर म्हातारबाने सगळ्यांच्या आधी निघायला हवं होतं. पण मुलगी म्हणाली, "बाबा, एकदा होडीत बसू या ना. एकदाच." कित्येक महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. तुम्हीच सांगा, नाही कसं म्हणायचं?

दोघं होडीतून हसत, भिजून आले, तोवर बाकीची विमानं निघून गेली होती. आम्ही उडालो तेव्हा दिवस कलला होता. डोंगरांजवळ पोचलो तर काय, ढग पार खाली उतरलेले. शिखरं दिसेनात. फक्त खिंडीवर उजेडाची एक फट उघडी होती. रेडिओवर क्लबाच्या सेक्रेटरीचा आवाज आला. तो नुकताच पलीकडे गेला होता. "या हो चष्मेवाले, आम्ही त्याच फटीतून आलो. काही होत नाही!"

"बाबा, आई वाट बघत असेल," मुलगी म्हणाली.

चष्मेवाले फटीकडेच बघत होते. फटीच्या पलीकडे तिचं घर होतं, आणि त्यांचे सगळे शनिवार. अहो, वळा ना! मी जीव तोडून म्हणत होतो. आत शिरल्यावर फट मिटली तर वळायलाही जागा राहत नाही. पण माझं ऐकतो कोण?

त्यांनी मला वळवलं.

"बाबा, तू घाबरलास?"

"हो गं. फार घाबरलो."

"मग आता आई..."

"रागावेल. रागावू दे."

आम्ही परत इथेच उतरलो. त्यांनी फोन लावला. "अगं, ढग होते. खरंच होते गं..." आणि पलीकडून फोन कट झाला. मग त्यांनी भाड्याची गाडी बोलावली, माझे पंख आणि शेपूट दोरांनी बांधलं, काचेवर कापड ओढलं. "येतो रे शनिवारी," म्हणाले. मुलीने माझ्या नाकावर थोपटलं. डोंगराला वळसा घालून जाणारा रस्ता लांबचा होता, त्यांना घाई होती.

शनिवार आला. आकाश लख्ख होतं. कुणी आलं नाही. पुढच्याही शनिवारी नाही. मग एकदा क्लबातले दोघं आले आणि मला वाटलं, सुटलो बुवा! कसलं काय, दुसऱ्या विमानासाठी माझी बॅटरी काढायला आले होते.

"चष्मेवाल्याकडे पोरीला पाठवत नाहीत म्हणे आता," एक म्हणाला. "तिच्या आईला वाटतं, ढगाबिगांची थाप मारली याने."

"मी असतो तर फटीतून निघून गेलो असतो. घाबरट लेकाचा," दुसरा म्हणाला. "हल्ली क्लबाकडे फिरकतही नाही. दुकानातच बसून असतो."

मला इतका संताप आला! पण बॅटरी काढलेल्या विमानाने संतापून करायचं काय?

तेव्हापासून इथेच आहे. एका चाकातली हवा गेली, म्हणून कलून उभा आहे. नाकपुडीत गांधीलमाश्यांनी घर केलंय. वारा सुटला की दोर करकरतात, बाकी आवाज नाही. मला फार एकटं वाटतं, मित्रांनो. तुमच्यापासून काय लपवायचं?

मग एका सकाळी ती मुलगी आली. बरोबर एक बाई होती. "आई, हेच ते," मुलगी म्हणाली. जवळच मैदान राखणारे एक मामा गवत कापत होते. बाईने त्यांना विचारलं, "सहलीच्या त्या रविवारी इथे खरंच ढग होते का हो? रोज उठून हिचं एकच चाललंय, ढग होते, ढग होते. म्हटलं, एकदा विचारूनच येते."

मामांनी यंत्र बंद केलं. "ढग? ताई, त्या संध्याकाळी डोंगरच नव्हते! हे विमान परत फिरलेलं दिसलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला."

बाई डोंगरांकडे बघत राहिली. मग तिने मुलीला जवळ ओढलं, इतकं घट्ट की पोरगी म्हणाली, "आई, दुखतंय!" थोड्या वेळाने माझ्या पंखावर हात टेकून तिने फोन लावला.

"मी बोलतेय. मैदानावर आलेय, हो, हिला घेऊन. ऐक. शनिवारी ये हिला न्यायला. उशीर झाला तरी चालेल." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. "पण विमान नको. ते पुन्हा नको."

तिचा हात तेव्हा माझ्याच पंखावर होता. कितीतरी दिवसांनी कुणी मला हात लावला होता. वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं.

तर मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. वाटेतून परत फिरलेल्या माणसाला घाबरट म्हणू नका. त्या वळणावर त्याने काय सोडलं, ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि कुठे माझ्यासारखं जुनं यंत्र उभं दिसलं तर लांबून दगड मारू नका. जवळ या, काचेवरची धूळ पुसा, आत डोकावून बघा. तेवढ्यानेही आम्हाला बरं वाटतं.

अजून दर शनिवारी मी सकाळपासून रस्त्याकडे बघत असतो. ऊन उतरतं, मामा घरी जातात, कुणी येत नाही. मग मी स्वतःला सांगतो, आले नाहीत ना, म्हणजे दोघं एकमेकांबरोबर आहेत.