सदतिसावा फेरा

शहराच्या विजेच्या जाळ्यात चारशे बारा जोड आणि चारशे अठ्ठेचाळीस केबल आहेत. कुठल्या केबलमधून किती वीज वाहते हे सांगणारा माझा प्रोग्रॅम प्रत्येक जोडासाठी एक समीकरण मांडायचा आणि हातातला चहा थंड होईपर्यंत चालायचा. माझ्या मामेबहिणीने नोकरीला लागून दोन महिन्यांत नवा लिहिला. तो आधी सगळ्या जोडांना शिवणारं, पण फांद्यांसारखं कुठेही बंद फेरा न होणारं केबलचं झाड निवडतो. उरलेली प्रत्येक केबल त्या झाडाला लावली की एक फेरा तयार होतो. जितके फेरे, तितकीच समीकरणं. उत्तर दोन सेकंदांत.

"नोकरी मी लावून दिली आणि कौतुक तिचं," मी आईला म्हटलं.

"मग शीक की तिच्याकडून चार गोष्टी!"

मी ताट सरकवलं.

कंट्रोल रूममध्ये कोणाचा प्रोग्रॅम बसवायचा, हे साहेब शुक्रवारी ठरवणार होते. गुरुवारी पाणी प्यायला उठले, तर तिच्या पडद्यावर दिसलं: एकूण फेरे ३६. मी मनात हिशेब केला. केबलमधून जोड वजा, अधिक एक. सदतीस हवेत. मग आठवलं, पंपहाऊस ते इस्पितळ दोन केबल आहेत. तिच्या यादीत दुसरी पहिलीला पुसून टाकत असणार. दोन केबलचा भार एकीवर दिसला, तर कंट्रोल रूम विनाकारण इस्पितळाची वीज तोडेल.

मी पाणी न पिताच जागेवर आले. उद्या साहेबांसमोरच विचारायचं.

शुक्रवारी मी अगदी गोड आवाजात विचारलं, "फेरे किती गं, छोटे?"

"सदतीस, ताई. काल छत्तीस येत होते. मी केबल तिच्या दोन टोकांवरून ओळखत होते ना! तुझ्या जुन्या वहीत प्रत्येक केबलला वेगळा नंबर आहे, तसाच दिला."

"वा! घरातच गुरू," साहेब म्हणाले. "हाच बसवा."

बाहेर आल्यावर तिने हळूच म्हटलं, "काल तू मागे उभी होतीस. वाटलं, सांगशील."

"माझं लक्ष नव्हतं."

"तुझं? आकड्याकडे?" तिने वही माझ्या हातात दिली आणि ती गेली.

संध्याकाळी मी तिचा प्रोग्रॅम उघडला. पहिल्या ओळीत दोघींची नावं होती, माझं आधी. मी ओळीमागून ओळ तपासत चूक शोधत बसले. एकही सापडली नाही.