पुलात न बसलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. वालधुनी नदीच्या मुखाशी चिखलात अर्धा रुतलेला. आगगाडीच्या पुलासाठी आम्हां भावंडांना खाणीतून आणले, छिन्नीने चौकोनी केले. माझ्या अंगावर चीर निघाली आणि पाथरवटाने मला बाजूला ढकलले. भावंडे पुलात बसली. त्यांच्यावरून गाडी जाते तेव्हा इथवर हादरा जाणवतो. फार एकटे वाटते तेव्हा.

आमची नदी म्हणाल तर इवलीशी! डोंगरात उगम, अंबरनाथच्या देवळाला वळसा, थोडी भातशेती, आणि कल्याणला आली की खाडी. पण ऐट केवढी! ओहोटीला खाली वाहते आणि भरतीला मुखापाशी उलटी फिरते. तिच्या या उलट्या चालीनेच सगुणाला फसवले.

सगुणा अंबरनाथची लेक, इथल्या आगरवाडीतली नवी सून. पाठवणीच्या वेळी आईने तिला सांगितले होते, "दर सोमवारी देवळापाशी द्रोणात चाफा सोडीन. मिळाला की समज, मी बरी हाय." ओहोटीबरोबर द्रोण यायचा आणि माझ्या चिरेत अडकायचा. माझी चीर पहिल्यांदाच कोणाच्या उपयोगी पडली! सगुणा चाफा केसांत माळायची आणि त्याच द्रोणात तिवराची डहाळी ठेवून तो भरतीवर सोडायची. तिवर खाडीकाठीच उगवते, तेव्हा आईला कळेल की लेक खुशाल आहे. मग माझ्यावर बसून ती माहेरच्या गोष्टी सांगायची. द्रोण कुठवर जातो, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

पुढे चाफा यायचा थांबला. सोमवारमागून सोमवार रिकामे गेले. एका सकाळी चिरेत द्रोण दिसला आणि सगुणा धावत आली. आत चाफा नव्हता. सुकलेली तिवराची डहाळी होती, तिनेच ठेवलेली. ती डहाळी हातात घेऊन रडू लागली.

तिची सासू आवडाबाई चिखलात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला आली होती. "काय झाला गो?"

"आयेला माजा कायच पोचला नाय."

सगळे ऐकून म्हातारी हसली नाही. "भरतीचा पानी पयल्या वलनावरूनच परततं, पोरी. डोंगराला कसा चढल? चल, आताच जाव. नदीचे कडंकडंनी दुपारपरत पोचू."

दोघी तशाच निघाल्या. आई तापाने अंथरुणाला खिळली होती आणि लेकीची खबर नाही म्हणून अन्नाला शिवत नव्हती. लेकीने भरवले तेव्हा जेवली आणि हळूहळू उठून बसली. हे मला मासे धरणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळले.

आता सगुणा पायवाटेने माहेरी जाते. द्रोण कोणी सोडत नाही. मला आनंदच आहे, पण तिची फार आठवण येते. चिरेत आता नुसता गाळ साठतो.

मित्रांनो, आपले माणूस अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असेल, तर पाण्यावर निरोप सोडून बसू नका. उठा आणि जा. माझी भावंडे तर त्या तिथे पुलात दिसतात. पण मला पाय नाहीत.